हार्मोन उपचारांना दाद न देणारा प्रोस्टेट कॅन्सर: गोळ्यांची केमो घरी घेताना

केमो गोळीच्या रूपात मिळणार म्हटलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. सलाइन नाही, सुई नाही, दिवसभर खाटेवर पडून राहणं नाही. हायसं वाटण्यात गैर काही नाही, पण त्याच्यासोबत एक समजूत गुपचूप घरात शिरते की गोळी आहे म्हणजे औषध सौम्य असणार. तसं नसतं. औषध आतड्यातून रक्तात पुरेसं शोषलं जातं, म्हणून ते गोळीत देता येतं, इतकंच. रुग्णालयात केमो देताना नर्स बरंच काही करते. रुग्णाचं नाव आणि डोस दोनदा पडताळते, रक्ताचा ताजा रिपोर्ट बघते, हातमोजे घालते, ताप आहे का विचारते आणि काही खटकलं तर औषध बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करते. गोळी घरी आली की हे सगळं काम घरातल्या एका माणसाकडे येतं. तो माणूस कोण, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. रुग्ण स्वतः सांभाळणार असेल तर उत्तमच, पण थकव्याच्या दिवसांत त्याच्या जागी कोण, हेही ठरलेलं असू द्या.

खाली लिहिलेलं आणि तुमच्या ऑन्कोलॉजिस्टनी सांगितलेलं यात कुठे फरक पडला, तर डॉक्टरांचं धरा. त्यांच्यासमोर तुमची फाइल असते.

१. नेमकं काय झालंय ते आधी समजून घ्या

प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसतात. सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचाराचा पाया तेव्हापासून तोच आहे: शस्त्रक्रियेने वृषण काढून किंवा ठरावीक अंतराने इंजेक्शन देऊन टेस्टोस्टेरॉन खाली आणायचं. हा उपाय बऱ्याच जणांना चांगला लागू पडतो, कित्येकांना वर्षानुवर्षं. मग पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचा आकडा, पुन्हा चढायला लागतो.

पीएसए चढला म्हणून लगेच ‘हार्मोनला दाद देत नाही’ असा शिक्का बसत नाही. आधी टेस्टोस्टेरॉन मोजावं लागतं. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असूनही पीएसए लागोपाठच्या तपासण्यांत चढत असेल किंवा स्कॅनवर रोग वाढलेला दिसत असेल, तर तो शिक्का खरा. टेस्टोस्टेरॉन मुळात खाली आलेलंच नसेल तर प्रश्न वेगळा आहे. इंजेक्शनला उशीर झालाय का, ते नीट लागू पडतंय का, हे आधी बघायला हवं. म्हणून फाइल चाळा. पीएसएच्या रिपोर्टांचा गठ्ठा असतो आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा मात्र कुठेच सापडत नाही, असं होतं. नसेल सापडत तर पुढच्या भेटीत विचारा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती हमखास विचारली जाते. हार्मोनचं इंजेक्शन आता बंद करायचं का? सहसा नाही. रोगातल्या सगळ्या पेशी एकाच वेळी बेफिकीर झालेल्या नसतात. टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर गेलं तर उरलेल्यांना खतपाणी मिळतं. गोळ्या सुरू झाल्या तरी इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर राहू द्या.

२. हातातली गोळी कुठली आहे?

मला वाटतं, नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. या टप्प्यावर दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या मुळी केमो नसतात, पण बोलताना सगळ्यांना सरसकट ‘केमोच्या गोळ्या’ म्हटलं जातं. मग एकीचे नियम दुसरीला लावले जातात आणि तिथे गडबड होते.

पहिला गट नव्या हार्मोन गोळ्यांचा. ॲबिराटेरॉन वृषणांतच नव्हे, तर मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींत आणि खुद्द गाठीतही तयार होणारं टेस्टोस्टेरॉन अडवतं. एन्झालुटामाइड, अपालुटामाइड आणि डॅरोलुटामाइड ही औषधं टेस्टोस्टेरॉनला कॅन्सरपेशीतल्या त्याच्या जागेवर बसूच देत नाहीत. यांतलं ॲबिराटेरॉन २०११ मध्ये आणि एन्झालुटामाइड २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि या आजाराचं चित्र बरंच बदललं. ही केमो नाही. ॲबिराटेरॉनचा नेहमीचा डोस रिकाम्या पोटी घ्यायचा असतो, म्हणजे गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण जेवणासोबत ते रक्तात कितीतरी पट जास्त शोषलं जातं. डॅरोलुटामाइड बरोबर उलट, ते जेवणासोबतच घ्यायचं. एन्झालुटामाइडला दोन्ही चालतं. ॲबिराटेरॉनवर असताना रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्यांवर नजर ठेवतात, आणि सोबत प्रेडनिसोलोन किंवा प्रेडनिसोन हे स्टेरॉइड असतंच.

दुसरा गट ओलॅपॅरिबसारख्या गोळ्यांचा. पेशीतल्या डीएनएची डागडुजी करणाऱ्या जनुकांत, विशेषतः बीआरसीए १ किंवा २ मध्ये, दोष सापडला तर या उपयोगी पडतात. ही तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा. एक तर त्यातून उपचाराची नवी वाट निघू शकते. दुसरं म्हणजे दोष जन्मजात असेल तर भाऊ, बहिणी आणि मुलांनाही ते कळायला हवं. बीआरसीएचा धोका मुलींमध्ये स्तन आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरच्या रूपात समोर येतो.

तिसरा गट खऱ्या केमोच्या गोळ्यांचा. त्यात प्रामुख्याने सायक्लोफॉस्फामाइड, कधी इटोपोसाइड आणि एके काळी बरंच वापरलं गेलेलं एस्ट्रामस्टिन. पुढचं सगळं मुख्यतः या गटाबद्दल आहे.

सायक्लोफॉस्फामाइड इथे बहुधा कमी मात्रेत रोज देतात, पुष्कळदा ५० मिलिग्रॅम, सोबत स्टेरॉइडची छोटी गोळी. मोठा डोस देऊन तीन आठवडे थांबण्याऐवजी थोडं थोडं औषध सतत देण्याच्या या पद्धतीला मेट्रोनॉमिक केमो म्हणतात. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांवर आणि प्रतिकारशक्तीवर तिचा परिणाम होतो, असं मानलं जातं. इटोपोसाइड काही दिवस घेऊन काही दिवस सुट्टी, असं चालतं. एस्ट्रामस्टिनमध्ये स्त्रीहार्मोन आणि केमोचं औषध एकाच रेणूत जोडलेलं आहे. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून आता ते क्वचितच दिलं जातं.

आता थोडं कटू, पण सांगायलाच हवं. या टप्प्यावर आयुष्य वाढवते हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेली केमो शिरेतून दिली जाते. डोसिटॅक्सेलने २००४ मध्ये जुन्या केमोच्या तुलनेत मध्य आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याच्यापुढे जगतात तो काळ) १६.५ वरून १८.९ महिन्यांवर नेलं. मग २०१० मध्ये कॅबाझिटॅक्सेल आलं. गोळीतून केमो देण्याचा सगळ्यात मोठा प्रयत्न सॅट्राप्लॅटिन या औषधाचा. साडेनऊशे रुग्णांच्या चाचणीत त्याने रोगाची वाढ काहीशी लांबवली, पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि ते मागे पडलं. कमी मात्रेच्या सायक्लोफॉस्फामाइडने काही रुग्णांचा पीएसए खाली येतो, दुखणं कमी होतं, हे लहान अभ्यासांत दिसलं आहे. त्यापलीकडे मोठ्या चाचणीचा पुरावा नाही. त्यामुळे ही गोळी बहुतेक वेळा डोसिटॅक्सेल आणि कॅबाझिटॅक्सेल देऊन झाल्यावर, किंवा प्रकृतीला ती झेपणार नाहीत तेव्हा, पुढे येते.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: डोसिटॅक्सेल का नको? एक नवी हार्मोन गोळी थकली म्हणून लगेच त्याच जातीची दुसरी देण्यापेक्षा कॅबाझिटॅक्सेल सरस ठरतं, हे २०१९ च्या एका चाचणीत दिसलं. त्या रुग्णांनी डोसिटॅक्सेल आधी घेतलेलं होतं आणि पहिल्या हार्मोन गोळीवर रोग वर्षाच्या आत वाढला होता. तेव्हा ‘सुई नको, गोळीच द्या’ असा हट्ट रुग्णाकडून धरला जात असेल, तर त्या सोयीपायी काय सुटतंय ते आधी समजून घ्यायला हवं. सगळं समजून गोळीच निवडली तर तो निर्णय पूर्णपणे रास्त आहे. कुणाला रुग्णालयाच्या फेऱ्या नको असतात, कुणाचं शरीर खरंच थकलेलं असतं.

३. पहिल्या गोळीच्या आधी

रक्ताच्या तपासण्या करून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, साखर, पीएसए, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि यकृतासाठी). पुढे आकडे बदलले की तुलना याच रिपोर्टशी होणार आहे. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होणार असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन या. किडलेला दात काढायचा असेल तर तो आत्ताच काढलेला बरा, कारण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

मग चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा. ‘सगळ्या’ म्हणजे रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या, जीवनसत्त्वांच्या, झाडपाल्याच्या, आणि कुणी तरी चांगल्या मनाने आणून दिलेल्या पुड्यासुद्धा. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर सायक्लोफॉस्फामाइडसोबत पांढऱ्या पेशी जास्त घसरू शकतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन असेल तर त्याची तपासणी जास्त वेळा करावी लागते. फिटच्या काही गोळ्या यकृताचा वेग बदलतात आणि केमोचा हिशेब चुकवतात. ग्रेपफ्रूट तर या यादीतल्या बऱ्याच औषधांशी भांडतं, ते टाळाच. एस्ट्रामस्टिन घेणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. ते दूध, दुधाचे पदार्थ किंवा कॅल्शियमसोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही, आणि याच रुग्णांना हाडांसाठी कॅल्शियमची गोळी लिहून दिलेली असते. दोन्ही एकाच वेळी गिळल्या जात नाहीत ना, ते बघा.

४. रोजची गोळी

एकच वेळ ठरवा. सायक्लोफॉस्फामाइडसाठी सकाळ, कारण पुढच्या भागात येईल. डब्यावरचं नाव आणि मिलिग्रॅम दर वेळी वाचायचे, नवा डबा आणला की जास्तच. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, ताकदही बदललेली असू शकते, आणि सवयीने दोन गोळ्या घेतल्या जातात. गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते मार्ग काढतील.

देणाऱ्याने हातमोजे घालावेत, किंवा गोळी हाताला न लागता डब्याच्या झाकणात घेऊन रुग्णाच्या हातात द्यावी, आणि मग दोघांनीही हात धुवावेत. घरात गरोदर किंवा बाळाला पाजणारी कुणी असेल तर तिने या गोळ्यांना हात लावू नये. केमोची गोळी आठवड्याच्या खणांच्या डबीत इतर गोळ्यांसोबत टाकू नका. तिला स्वतंत्र डबा, मुलांच्या हाताला न लागेल असा. साठवण कशी करायची ते खोक्यावर वाचा. एका औषधाचा नियम दुसऱ्याला लागू होत नाही.

औषधाचा अंश लघवीतून बाहेर पडतो. बसून लघवी करणं, झाकण लावून फ्लश करणं, ओले किंवा डागाळलेले कपडे हातमोजे घालून उचलून वेगळे धुणं, एवढं पाळलं की पुरे. रुग्णाला कुणी जवळ घेतलं, शेजारी झोपलं, एका ताटात जेवलं तर काही होत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण भीतीपोटी माणसाला वेगळ्या खोलीत बसवणारी घरं आहेत. शरीरसंबंध असतील तर कंडोम वापरावा, आणि उपचार संपल्यावरही काही महिने. किती महिने ते डॉक्टर सांगतील.

गोळी चुकली तर? दुपारपर्यंत आठवलं तर घेता येते. रात्री आठवलं तर त्या दिवसाची सोडून द्या आणि वहीत तसं लिहा. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, कधीच नाही. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी पुन्हा गोळी देऊ नका. आधी फोन करून विचारा.

वही ठेवाच. तारीख, गोळीची वेळ, ताप, वजन, किती वेळा लघवी, शौच झाली का, दुखणं शून्य ते दहा. एका ओळीत मावतं. डॉक्टरांच्या खोलीत ‘मागच्या आठवड्यात कसं होतं?’ या प्रश्नाला सगळेच ‘ठीक होतं’ म्हणतात. वहीत मात्र मंगळवारचा ताप लिहिलेला असतो.

५. पाणी आणि लघवी

हा भाग प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी इतरांपेक्षा वेगळा आहे आणि छापील माहितीपत्रकांत तो दोन ओळींत आटोपलेला असतो.

सायक्लोफॉस्फामाइड यकृतात मोडतं तेव्हा ॲक्रोलीन नावाचा एक दाहक पदार्थ तयार होतो आणि लघवीतून बाहेर पडतो. तो मूत्राशयात साचून राहिला तर आतलं अस्तर सोलवटतं, जळजळ होते, रक्त येतं. उपाय साधा आहे: भरपूर पाणी प्यायचं आणि मूत्राशय वारंवार रिकामं करायचं. म्हणूनच गोळी सकाळी. रात्री घेतली तर तो पदार्थ झोपेत तासन्तास मूत्राशयात बसून राहतो.

पण प्रोस्टेटच्या गाठीने मूत्रमार्ग दाबला गेला असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामं होतच नाही. भरपूर पाणी प्या म्हटलं की माणूस पितो, पोट तट्ट फुगतं आणि लघवी थेंबथेंब येते. कुणी रात्रीत पाच वेळा उठावं लागतं म्हणून पाणीच तोडतो, तेही वाईट. म्हणून गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा की धार कशी आहे, लघवी करून आल्यावरही भरल्यासारखं वाटतं का. लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते सोनोग्राफीत सहज मोजता येतं. शिल्लक जास्त असेल तर आधी त्याची सोय करतात, गरज पडल्यास कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालतात. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर किती पाणी प्यायचं याचाही आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. पाण्याचा बराचसा भाग दुपारपर्यंत संपवावा, म्हणजे रात्रीची झोप वाचते, आणि झोपण्याआधी एकदा लघवीला जाऊन यायचंच.

लघवीत रक्त दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी फोन. ते औषधामुळे असेल, गाठीतूनच येत असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा प्लेटलेट कमी झाल्या असतील. बघून यातलं काही ओळखता येत नाही. गुठळ्या पडत असतील किंवा लघवी पूर्ण अडली असेल तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही लघवी अडू शकते, कारण त्यांत मूत्राशयाचा स्नायू ढिला करणारं किंवा मूत्रमार्गाचं तोंड आवळणारं औषध असतं. न विचारता घेऊ नका.

६. रक्ताचा रिपोर्ट आणि ताप

केमोच्या गोळीवर असताना सीबीसी किती दिवसांनी करायची हे डॉक्टर ठरवतात. सुरुवातीला लवकर लवकर, नंतर अंतर वाढतं. इटोपोसाइडसारख्या चक्राने घ्यायच्या गोळीत एक नियम डोक्यात पक्का बसवा: सुट्टी संपली म्हणजे पुढचं चक्र आपोआप सुरू होत नाही. आधी रक्त, मग डॉक्टरांचा होकार, मग गोळी. डब्यात गोळ्या शिल्लक आहेत म्हणून चालू ठेवणं हा घरच्या केमोतला सगळ्यात धोकादायक प्रकार आहे.

रिपोर्टमध्ये तीन ओळी शोधा. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी: एकूण आकडा १,५०० च्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात, आणि ५०० च्या खाली गेला तर साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. काही प्रयोगशाळा फक्त टक्केवारी देतात. तेव्हा एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्क्यांनी गुणून शंभराने भागायचं. पेशी ३,००० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे १,२००. दुसरी ओळ प्लेटलेटची. तिसरी हिमोग्लोबिनची, आणि ते कमी दिसलं की सगळा दोष केमोला देऊ नका. टेस्टोस्टेरॉन पाडल्यानेच हिमोग्लोबिन उतरतं, आणि रोग हाडांच्या मज्जेत शिरला असेल तर आणखी उतरतं.

ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालयात कळवायचं आणि निघायचं. सकाळपर्यंत वाट बघू नका. आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. उलट केलं तर ताप दडून जातो. सोबत स्टेरॉइड चालू असल्याने जंतुसंसर्ग असूनही ताप चढत नाही, असंही होतं. म्हणून हुडहुडी भरली, माणूस अचानक गळून गेला, असंबद्ध बोलायला लागला, तर थर्मामीटर काही म्हणो, निघा. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर आणि ‘रुग्ण केमोवर आहे’ असं औषधाच्या नावासह लिहिलेला कागद पाकिटात हवा. तातडीच्या विभागातल्या नव्या डॉक्टरला गोळीवरचा माणूस केमोवर असल्यासारखा दिसत नाही.

७. बाकीचा त्रास

कमी मात्रेच्या सायक्लोफॉस्फामाइडमध्ये केस सहसा फार गळत नाहीत. इटोपोसाइडमध्ये गळतात, तोंडही येतं. मऊ ब्रश वापरावा, आणि कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात. मळमळ दोन्हींत होते, पण तिला औषध आहे.

आणि त्या औषधाचीच एक गंमत आहे. मळमळीवर देतात त्या ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठता होते. हाडाच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या कुळातलं औषध चालू असेल तर आणखी होते. आतडं भरलं की ते मूत्राशयावर दाबतं, लघवी अडते, भूक जाते, मळमळ वाढते, आणि घरच्यांना वाटतं रोग वाढला. म्हणून वहीत शौचाचा रकाना ठेवायला सांगितला. दोन दिवस साफ झाली नाही तर रेचक सुरू करायचं का ते विचारून घ्या.

दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. मूत्रमार्ग दाबलेला असताना मूत्रपिंडं आधीच ताणाखाली असतात, स्टेरॉइडने पोटाचं अस्तर हळवं झालेलं असतं, प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव थांबत नाही. स्टेरॉइड सकाळी खाऊन झाल्यावर घ्यावं. संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघावी लागते. एक पाय सुजला, दुखू लागला किंवा अचानक धाप लागली तर गुठळीची शंका घ्यायची, गोळी कुठलीही असो. लस घ्यायची असेल तर आधी विचारा. जिवंत जंतूंच्या लसी या काळात घेत नाहीत.

८. पाठीच्या कण्याबद्दल

गोळीशी याचा संबंध नाही, पण या आजारात हे माहीत नसणं परवडत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यांत पसरतो आणि कधी कधी मज्जारज्जूवर दाब येतो. पाठीत नवं दुखणं, विशेषतः आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, पायांत बळ न राहणं, चालताना पाय लटपटणं, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जा. चालता येत असताना उपचार झाला तर माणूस पुढेही चालता राहण्याची शक्यता चांगली असते. पाय गेल्यावर ते परत मिळवणं फार अवघड. ‘वय झालं, पाठ दुखायचीच’ हे वाक्य या घरात बंद.

९. पीएसए बघताना

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पीएसए थोडा चढला तर घाबरून गोळी सोडू नका. उपचार लागू पडत असतानाही सुरुवातीला आकडा वर जाऊन मग खाली येऊ शकतो. म्हणूनच संशोधनातही पहिल्या १२ आठवड्यांतल्या चढीवरून निकाल देत नाहीत. हाडांच्या पहिल्या स्कॅनचंही तसंच. भरून येणारं हाड जास्त उजळ दिसतं आणि रिपोर्टमध्ये ‘नवे डाग’ असं छापलं जातं, म्हणून दुसऱ्या स्कॅनची वाट बघतात.

डॉक्टर तीन गोष्टी मिळून बघतात: पीएसए, स्कॅन आणि माणूस. तिघांपैकी दोघं एका बाजूला झुकले की निर्णय होतो. त्यातही माझं झुकतं माप माणसाला. पीएसए निम्म्यावर आला, पण तो अंथरुणातून उठत नाही, तर काही तरी चुकतंय. आकडा जागच्या जागी आहे, पण दुखण्याच्या गोळ्या निम्म्या झाल्या आणि भूक लागते, तर गोळी काम करते आहे. उलटही घडतं: पीएसए अगदी कमी असूनही यकृतात किंवा इतरत्र रोग वाढतो. पेशींनी जात बदलून न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे पीएसए फारसा न बनवणारं आक्रमक रूप घेतल्याची ती खूण असू शकते. तेव्हा डॉक्टर पुन्हा बायोप्सी सुचवतात आणि केमोही बदलते, बहुधा प्लॅटिनम गटातली.

दर आठवड्याला पीएसए करण्यात काही अर्थ नाही. आकडा थोडा हलतो आणि घराची झोप उडते.

१०. गोळी थांबवायची वेळ

गोळी थांबते ती रोग वाढल्यामुळे, त्रास सोसेनासा झाल्यामुळे, किंवा रुग्णाने ‘आता पुरे’ म्हटल्यामुळे. तिसरं कारणही पहिल्या दोघांइतकंच खरं आहे. वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरची (रुग्णाचा त्रास हलका करणारी) टीम त्या दिवशी पहिल्यांदा भेटण्यापेक्षा गोळी सुरू होतानाच भेटलेली असावी. ती टीम केमोच्या जोडीनेही काम करते. दुखणाऱ्या एकाच हाडाला रेडिएशन दिल्याने, कित्येकदा एकाच बैठकीत, जो आराम पडतो तो गोळीने पडत नाही, तेव्हा तेही विचारून ठेवा.

थांबवताना दोन गोष्टी विसरू नका. केमो बंद झाली म्हणून स्टेरॉइड त्याच दिवशी बंद करायचं नाही. काही आठवडे स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं तयार करणं मंदावतं, आणि ते अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि तो कसा उतरवायचा ते कागदावर लिहून घ्या. दुसरं, उरलेल्या केमोच्या गोळ्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, दुसऱ्या रुग्णाला देऊही नका. मोजून, मूळ डब्यातच ठेवून, पुढच्या भेटीला रुग्णालयाच्या औषध विभागात परत करा.